दांतांसाठीं दूरचा प्रवास

परभणी जिल्ह्यांतील पूर्णा हें गांव गोदावरीस मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या कांठचें. परंतु बाहेरच्या लोकांस त्याची ओळख नदीपेक्षां रेल्वेच्या जंक्शनामुळें अधिक. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारी मीटर गेजची गोदावरी-खोरें लाइन विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं येथून गेली, व १९१२ सालीं येथूनच हिंगोलीचा फांटा निघाला. तेव्हांपासून पूर्णेच्या फलाटानें प्रवाशांच्या कित्येक पिढ्यांस एक धडा दिला आहे. तिकीट काढलें म्हणजे प्रवास ठरला असें होत नाहीं. आलेली गाडी व सुटणारी गाडी यांच्यामधील फट ज्यास सांभाळतां आली, तोच मुक्कामास पोंचला. हिंगोलीकडील किती मंडळींनीं येथें पथारी पसरून रात्री काढल्या असतील, याची गणती कोणीं ठेवलेली नाहीं.

आज मराठवाड्यांतील अशा गांवांतूनहि मुलें-मुली इंग्लंड, अमेरिका, आखात, ऑस्ट्रेलिया येथें नोकरीधंद्यास गेलेलीं आहेत. सुटींत तीं घरीं येतात, तेव्हां लग्नकार्यें, कुळाचार व आप्तेष्टांच्या भेटी यांच्या जोडीला आणखी एक काम उरकून घेण्याचा बेत असतो. तें काम दांतांचें. परदेशीं दाढेवर टोपी बसविण्यास जो खर्च पडतो, त्याच्या अल्पशा भागांत तें काम नांदेड, पुणें, मुंबई वा हैदराबाद येथें होतें. बेत शहाणपणाचा असतो; पण बहुधा विमानाचें तिकीट आधीं निघतें व दांत मागाहून तपासला जातो. या उलटापालटीमुळें किती जणांनीं समुद्रावरून उडत असतां गाल हातांत धरून रात्र काढली असेल! हा अनुभव नवा दिसला तरी त्याचीं मुळें जुनीं आहेत, व तीं पाहिल्यावांचून प्रवासाची आंखणी नीट समजत नाहीं.

दांताच्या दुखण्यासाठीं माणसानें गांव सोडावें, ही कल्पनाच मुळीं फार जुनी नव्हे. सुश्रुतसंहितेंत मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली असून त्यांत दांत व हिरड्या यांच्या विकारांस स्वतंत्र स्थान आहे. शास्त्र होतें, पण तें वेशीवेशीस पोंचलेलें नव्हतें. खेड्यांतला मनुष्य कडुलिंबाच्या वा बाभळीच्या काडीनें दांत घाशी, दाढ दुखली कीं लवंगेच्या तेलाचा बोळा धरी, आणि अगदींच असह्य झालें म्हणजे आठवड्याच्या बाजारांत चिमटा घेऊन बसलेल्या इसमापुढें तोंड उघडी. उपचार करणारा फिरत असे; रोगी आपल्या जागीं असे.

मोठ्या शहरांत हीच रीत निराळ्या रूपानें चालू राहिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कलकत्ता, मुंबई अशा शहरीं चिनी दंतवैद्यांच्या पाट्या दिसूं लागल्या. यांतील बरेचसे चीनच्या हुबेई प्रांतांतले. गांवोगांव हिंडून दांत काढणें व कवळ्या बसविणें हा त्यांचा धंदा. म्हणजे दांतांपायीं समुद्र ओलांडला तो रोग्यानें नव्हे, दंतवैद्यानें! आणि एकदां दुकान थाटल्यावर तो तेथेंच राहिला, हें गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें होतें. कवळी टोचूं लागली, तर दुसऱ्या दिवशीं त्याच पाटीखालीं जाऊन ती घासून घेतां येई. १९६२ सालच्या चीनशीं झालेल्या युद्धानंतर यांपैकीं अनेक कुटुंबांवर स्थानबद्धतेचा प्रसंग आला व कित्येक देश सोडून गेलीं. त्यांची हकीकत स्वतंत्रपणें लिहिण्याजोगी आहे.

पूर्णा तेव्हां निजामाच्या राज्यांत होती. त्यामुळें येथील रोग्याची दृष्टि मुंबईपेक्षां हैदराबादेकडे अधिक वळे. त्या हैदराबादेनें वैद्यकाच्या इतिहासांत एक नवलाचें प्रकरण घडविलें आहे. दाढ काढण्यासारख्या किरकोळ कामांतहि क्लोरोफॉर्मनें रोगी दगावल्याचीं उदाहरणें त्या काळीं युरोपांत गाजत होतीं. तेव्हां रेसिडेन्सीचे शस्त्रवैद्य एडवर्ड लॉरी यांनीं १८८८ सालीं हैदराबादेंत या औषधाच्या चौकशीसाठीं एक मंडळ बसविलें. त्याचा निर्णय विलायतेंतील वैद्यांस पटेना. मग निजामानें एक हजार पौंड देऊं केले, व लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रानें टॉमस लॉडर ब्रंटन या नामांकित वैद्यास १८८९ सालीं हैदराबादेस धाडलें. रोगी विलायतेस नेण्याऐवजीं विलायतेचा तज्ज्ञच आगबोटीनें इकडे आणविण्याचा हा संस्थानी थाट! दुसऱ्या मंडळानेंहि लॉरी यांचाच पक्ष उचलून धरला : भय श्वासाचें आहे, हृदयाचें नाहीं. पुढें १९११ च्या सुमारास लेव्ही या इंग्रज संशोधकानें दाखवून दिलें कीं, अर्धवट गुंगींत क्लोरोफॉर्म हृदयाचा ठोकाच बिघडवितो. हजार पौंडांचा निर्णय चुकला. पण प्रश्न हैदराबादेंत विचारला गेला, हें श्रेय तिचें तिलाच दिलें पाहिजे. मध्यंतरीं १९०५ सालीं प्रोकेन हें जागेपुरती बधिरता आणणारें औषध निघालें होतें व दाढेसाठीं सर्व देह निजविण्याचें कारण हळूहळू उरलें नाहीं.

शिक्षणासाठीं मात्र दूर जाणें भाग होतें. रफीउद्दीन अहमद हे बंगालचे गृहस्थ अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत दंतवैद्यक शिकले व परत येऊन त्यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास देशांतील पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय काढलें. मुंबईंत नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालचें. मराठवाड्यास आपल्या भूमींत सरकारी दंत महाविद्यालय पाहण्यासाठीं १९८२ सालापर्यंत वाट पाहावी लागली. तें औरंगाबादेस निघालें. तोंवर पूर्णेचा मनुष्य कवळीसाठीं हैदराबादेस गेला, तर त्यास एका फेरींत काम उरकत नसे. एकदां माप, एकदां चावा, एकदां बसवून पाहणें, मग हिरडीस जेथें टोंचेल तेथें घासणें. प्रत्येक वेळीं रात्रीची गाडी. त्रास होताच, पण दोन खेपांच्या मध्यें तोंडास विसावा आपोआप मिळे.

हा आपोआप मिळणारा विसावा हीच या साऱ्या इतिहासांतली लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाल्यावरहि मुंबईहून लंडनास आगबोटीनें दोन-तीन आठवडे लागत. मुंबईस दाढ काढून घेऊन कोणी बोटीवर चढला, तर एडनचा किनारा दिसेपर्यंत त्याची जखम धरूं लागलेली असे व मार्सेलिसला उतरतांना तो सुपारी नाहीं तरी पाव सुखानें चावूं शके. बोट हळू चालत होती. म्हणून बरें होण्यास लागणारा काळ प्रवासाच्या पोटांतच जमा होई. कोणाला त्याची वेगळी आंखणी करण्याची गरजच पडली नाहीं.

विमानानें ही सोय काढून घेतली. १९२९ सालीं इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची वाहतूक सुरू झाली, तेव्हां प्रवासास सुमारें आठवडा लागे व रात्रीं मुक्काम जमिनीवर असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस टपालाचें पहिलें विमान स्वतः चालवीत आणलें. हैदराबाद संस्थानानें टाटांच्या साह्यानें १९४५ सालीं डेक्कन एअरवेज काढली. तिचीं डकोटा विमानें बेगमपेठेहून उडत व तिच्या पंखांखालूनच मराठवाडा प्रथम हवाई नकाशावर आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. १९५३ सालीं ती इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली.

उंचीवर गेल्यावर दांत दुखतो, हें लक्षांत आलें तें दुसऱ्या महायुद्धांत. जमिनीवर ठणठणीत असलेले वैमानिक आकाशांत चढले कीं दाढ धरून बसत आणि खालीं उतरले कीं दुखणें नाहींसें होई. लढाईच्या ऐन वेळीं हें परवडणारें नव्हतें; दंतवैद्यांनीं शोध केला. कारण साधें निघालें. रॉबर्ट बॉइलनें सतराव्या शतकांत सांगून ठेविलेला नियमच दाढेच्या पोकळींत काम करीत होता : दाब उतरला कीं कोंडलेली हवा फुगते. भरलेल्या दांताखालीं फट राहिली असेल, मुळाशीं पू धरला असेल, किंवा आंतील मज्जा सुजली असेल, तर उंचीवर तेथें कळ उठते. वैमानिकांचे दांत उड्डाणाआधींच तपासून दुरुस्त करण्याची रीत त्यांतून दृढ झाली.

प्रवासी विमानांत आज दाब राखलेला असतो, म्हणून हा त्रास पुष्कळ कमी. पण तो जमिनीइतका राखलेला नसतो, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. विमानाच्या आंतील हवा सुमारें आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावरील हवेइतकी विरळ होऊं दिली जाते. त्या वेळीं दाब समुद्रसपाटीच्या सुमारें तीन-चतुर्थांश राहतो. म्हणजे कोंडलेली तीन मापें हवा चार मापांची जागा मागते. घरून दिलेली चिवड्याची हवाबंद पुडी विमानांत टम्म फुगते, ती याच कारणानें. पुडीस फुगावयास जागा असते, दाढेस ती नसते. त्यांत वरच्या दाढांचें प्रकरण अधिक नाजूक. त्यांचीं मुळें वरच्या जबड्याच्या हाडांतील हवेच्या पोकळीस अगदीं भिडून असतात. वरची दाढ काढतांना ही पोकळी क्वचित् उघडी पडते. मग जोरानें नाक शिंकरण्यासहि बंदी असते, तेथें हवेच्या दाबाशीं खेळ करणें दूरच. अशा रोग्यानें दंतवैद्याच्या परवानगीवांचून विमानांत पाऊल टाकूं नये. साधी दाढ काढल्यावरहि निदान एक-दोन दिवस थांबणें बहुतेक दंतवैद्य सुचवितात. शिवाय खळग्यांत साकळलेली रक्ताची गुठळी निसटून हाड उघडें पडण्याचें दुखणें बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उपटतें. नेमक्या त्याच वेळीं प्रवासी दहा तासांच्या उड्डाणांत अडकलेला असला, तर त्यास ना वैद्य ना उपाय.

१९४८ हें साल या विषयापुरतें मोठें विलक्षण ठरलें. मार्चमध्यें भारतांत दंतवैद्यांचा कायदा झाला व नोंदणीकृत दंतवैद्य कोण, हें प्रथमच देशभर ठरलें. ८ जून रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनास निघालें. ५ जुलै रोजीं ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, आणि सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत आलें. ब्रिटनमध्यें त्या आरोग्यसेवेंत दांतांचे उपचारहि फुकट होते. मग काय, कवळ्यांसाठीं लोकांची अशी रीघ लागली कीं खजिना हादरला! १९५१ सालीं कवळ्या व चष्मे यांवर निम्मी किंमत आकारण्याचें ठरलें, तेव्हां ही सेवा उभारणारे अन्युरिन बेव्हन यांनीं मंत्रिपद सोडलें. पुढील वर्षीं इतर दंतोपचारांवरहि आकार बसला. अमेरिकेनें १९६५ सालीं वृद्धांसाठीं मेडिकेअर योजना काढली, तिच्यांत तर नेहमींचे दंतोपचार व कवळ्या आरंभापासूनच वगळल्या होत्या. श्रीमंत देशांनीं हृदय, मूत्रपिंड, डोळे यांची काळजी वाहिली, पण दांत पुष्कळसा ज्याचा त्यानें पाहावा असें ठरविलें. दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत, ही आपल्याकडील म्हण तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनीं निराळ्याच अर्थानें अनुभविली. अर्धशतकापूर्वीं ज्या वाटेनें मनुष्य शिक्षणासाठीं बाहेर गेला, त्याच वाटेनें त्याची दाढ परत मायदेशीं येऊं लागली, तिचें कारण हें.

त्यांतच दंतवैद्यकानें एक नवी विद्या आणली, आणि तिनें वेळापत्रकाचा प्रश्न पुरताच बदलून टाकला. स्वीडनमधील ब्रानेमार्क हे संशोधक १९५२ सालीं सशाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठीं हाडांत बसविलेली टिटॅनियम धातूची नळी त्यांना काढतां येईना. हाडानें तिला आपलीच मानून घट्ट धरलें होतें. १९६५ सालीं त्यांनीं प्रथमच एका माणसाच्या जबड्यांत टिटॅनियमचे खुंट रोवले व त्यांवर दांत बसविले. परंतु हाडानें खुंट धरण्यास त्यांच्या पद्धतींत खालच्या जबड्यांत सुमारें तीन व वरच्या जबड्यांत सुमारें सहा महिने लागत. अलीकडे कांहीं रोग्यांस त्याच दिवशीं तात्पुरता दांत देतात. तरी कायमचा दांत हाडाची परवानगी मिळाल्यावरच. दहा तासांचें विमान आणि सहा महिन्यांचें हाड! यांची सांगड एका फेरींत घालूं पाहणें म्हणजे हिंगोलीची गाडी येण्यापूर्वींच मनमाडची गाडी पकडूं पाहणें होय.

तेव्हां परदेशांतून पूर्णेस येणाऱ्या कुटुंबानें आंखणी करावी ती विमानापासून नव्हे, दाढेपासून. निघण्याच्या दोन-तीन महिने आधीं तिकडेच संपूर्ण जबड्याचें क्ष-किरण चित्र काढून तें येथील दंतवैद्याकडे पाठवावें. चित्रावरून पक्का निर्णय होत नाहीं, तो खुर्चींत बसल्यावरच होतो. पण किती बैठका लागतील याचा अंदाज येतो व तिकिटाची तारीख त्या अंदाजावर बेततां येते. दाढ काढावयाची असेल तर ती सुटीच्या पहिल्या दिवसांत. येथें बहुतेक मंडळी चुकतात. आधीं लग्न, मग देवदर्शन, मग मामाचें गांव, आणि उरलेल्या शेवटच्या चार दिवसांत दाढ! मुळाची स्वच्छता करून टोपी बसवावयाची, तर प्रयोगशाळेंतून टोपी येण्यास कांहीं दिवस लागतात, आणि ती बसल्यावर घांस चावून पाहण्यास आणखी कांहीं. तो अवधि हातांत न ठेवणारा मनुष्य उंच राहिलेली टोपी घेऊन परत जातो, आणि तिकडचा दंतवैद्य दुसऱ्यानें केलेलें काम हातीं घेण्यास नाखूष असतो. स्वस्ताईचा हिशेब तेथें फसतो.

प्रवासाचे दुवे हाहि एक भाग आहे. मीटर गेज केव्हांच इतिहासजमा झालें. पूर्णा आज ब्रॉड गेजवर आहे, व देवगिरी एक्सप्रेस तिला मुंबई व सिकंदराबाद या दोन्ही टोकांशीं जोडते. हैदराबादेचें विमानतळ २००८ सालीं बेगमपेठेहून शमशाबादेस गेलें. पूर्णेहून तें मुंबईपेक्षां जवळ पडतें. तीसएक किलोमीटरवरील नांदेडासहि विमानतळ आहे. तथापि तेथील सेवा अनेकदां खंडित झाली असल्यानें सारा बेत तिच्यावर टांगूं नये. विमानाचें तिकीट वर्षभराच्या सुमारास आधीं मिळूं शकतें, पण रेल्वेचें आरक्षण नोव्हेंबर १९२४ मध्यें नव्हे, आपल्याच काळांत, नोव्हेंबर २०२४ पासून, साठ दिवस आधींच खुलें होऊं लागलें. पूर्वीं ही मुदत एकशें वीस दिवसांची होती. गाडी व विमान हीं निरनिराळीं तिकिटें असल्यामुळें गाडीस उशीर झाला म्हणून विमान थांबत नाहीं. म्हणून परततांना विमानाच्या आदल्या दिवशींच त्या शहरीं मुक्काम करावा. त्याच दिवशीं दंतवैद्यास अखेरचें तोंड दाखविणें शक्य झालें, तर अधिकच बरें. परतीची तारीख बदलतां येईल असें तिकीट थोडें महाग पडतें, पण दांताच्या कामांत तें घेणें इष्ट.

परवान्यांचें काम तितकेसें अवघड नाहीं. भारतीय पारपत्र ज्यानें ठेविलें आहे त्यास प्रश्नच नाहीं, व परदेशी नागरिकत्व घेतलेल्या पण ‘ओसीआय’ कार्ड बाळगणाऱ्यास व्हिसा लागत नाहीं. त्यांच्या परदेशी जन्माच्या जांवयास वा सुनेस उपचार घ्यावयाचे असले, तर भारत सरकारनें वैद्यकीय व्हिसाची वेगळी वर्गवारी ठेविली आहे. २०१७ पासून तो इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेंहि मिळूं लागला.

औषधांच्या वेळेचा घोटाळा मात्र हटकून होतो. दर आठ तासांनीं घ्यावयाची गोळी लंडनच्या वाटेवर घड्याळ मागें सरकतांच चुकते. ती भिंतीवरील घड्याळावर न घेतां, मागच्या गोळीपासून तास मोजून घ्यावी. २००६ पासून हातांतील सामानांत शंभर मिलिलिटरपेक्षां मोठी द्रवाची बाटली नेण्यावर बऱ्याच ठिकाणीं निर्बंध आले, त्यामुळें गुळण्यांचें औषध लहान बाटलींत भरून घेणें बरें.

खुंट रोवण्याचे बाबतींत परदेशांतील शाळांच्या सुट्या आयत्याच उपयोगीं पडतात. नाताळच्या सुटींत कुटुंब पूर्णेस येतें, तेव्हां पहिल्याच आठवड्यांत खुंट रोवून घ्यावा व टांके निघेपर्यंत राहावें. जून-जुलैमध्यें तिकडे पुष्कळ ठिकाणीं शाळांस मोठी सुटी लागते, तोंपर्यंत वरच्या जबड्याचेहि सहा महिने भरलेले असतात; त्या दुसऱ्या फेरींत कायमचा दांत बसतो. मधल्या काळांत खुंट सैल झाला, हिरडी सुजली, तर तिकडच्याच दंतवैद्याकडे धांवावें लागतें, आणि तो पहिला प्रश्न विचारतो तो खुंट कोणत्या कारखान्याचा व किती जाडीचा, हा. कारण प्रत्येक कारखान्याच्या स्क्रूस निराळी किल्ली लागते. म्हणून कारखान्याचें नांव, खुंटाचें माप व रोवल्याची तारीख लिहिलेलें कार्ड दंतवैद्याकडून मागून घ्यावें, व क्ष-किरण चित्रांसह तें पारपत्राच्याच पाकिटांत ठेवावें. विमानाच्या पोटांत जाणाऱ्या पेटींत नव्हे.